वळताना गाडी कटकट करतेय? एक्सल काहीतरी सांगतोय!



मागच्या आषाढातली गोष्ट. आपल्यातल्याच एका गटाच्या चौघीजणी नाशिकला प्रदर्शनाला निघाल्या होत्या. नागलीचे पापड, करवंदाचं लोणचं, हातसडीचा तांदूळ असा माल गाडीत भरलेला. गाडी गटाचीच. जुनी, छोटी, पाच माणसांची. चालवणारीही गटातलीच ताई. पेठकडून येताना सावळघाट चढत असताना एका वळणावर पुढून 'धाड्' असा आवाज आला आणि गाडी थांबली. इंजिन चालू होतं, गिअर पडत होता, रेस दिली की इंजिन ओरडत होतं, पण गाडी काही पुढे जाईना. उलट हळूहळू मागे सरकायला लागली. ताईने ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला, मागे बसलेली एकजण पटकन उतरली आणि तिने चाकामागे दगड लावला, म्हणून निभावलं.

दोन तास पावसात उभं राहिल्यावर एक पिकअप मिळाली. पापडाची दोन खोकी भिजली, प्रदर्शनाचा पहिला दिवस हातचा गेला आणि गाडी टोचन लावून गॅरेजला न्यावी लागली. मिस्त्रीने खाली वाकून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, हे रबर कधी फाटलंय?"

रबर होळीच्या आधीच फाटलं होतं. सर्व्हिसिंगच्या वेळी तसं सांगितलंही गेलं होतं. गटाच्या बैठकीत विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा 'पुढच्या महिन्यात बघू' असं ठरलं. मग वळताना कटकट असा आवाज यायला लागला. तेव्हा 'जुनी गाडी आहे, आवाज करणारच' म्हणून सोडून दिलं. नंतर त्यांच्यातली एक ताई म्हणाली, "रबराचे पैसे काही जास्त नव्हते. पण गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं वाटून कुणी ठामपणे बोललंच नाही."

ताईंनो, हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. शेवयाच्या मशीनचा आवाज बदलला तर तुम्हाला शेजारच्या खोलीतून कळतं. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की बांधावरून कळतं. मग गाडीचंही कळेल. एक्सल सहसा अचानक तुटत नाही. तो आधी दिसतो, मग ऐकू येतो आणि शेवटी तुटतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर लक्ष दिलं, तर तिसरी सहसा येतच नाही.

एक्सल म्हणजे नेमकं काय?

बैलगाडीचा आस तुम्ही पाहिलाय. दोन चाकांच्या मधला दांडा. बैल ओढतात आणि चाकं त्या आसावर नुसती फिरतात. मोटारगाडीत चाकांना ओढणारं कुणी नसतं. तिथे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेऊन चाक फिरवणारा दांडा लागतो. तो म्हणजे एक्सल. गॅरेजमध्ये त्याला ड्राइव्ह शाफ्ट असंही म्हणतात.

जुन्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनी गाड्यांमध्ये इंजिन पुढे असायचं, पण ताकद लांब दांड्यातून मागच्या चाकांना जायची. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढणारी छोटी गाडी घराघरांत पोचली. त्यानंतरच्या सँट्रो, इंडिका, वॅगन आर, अल्टो याही तशाच. बैल पुढे जुंपावेत तसं. यात जागा वाचते, वजन कमी होतं, गाडी स्वस्त पडते. पण पुढच्या चाकांवर कामं वाढतात. त्यांनी गाडी ओढायची, स्टेअरिंगबरोबर वळायचं आणि खड्ड्यात वरखालीही व्हायचं. सरळसोट दांडा हे सगळं कसं करणार? म्हणून प्रत्येक एक्सलला दोन सांधे असतात. एक चाकाजवळ, दुसरा गिअरबॉक्सजवळ. दोन चाकांचे दोन एक्सल, म्हणजे एकूण चार सांधे. मिस्त्री त्यांना जॉइंट म्हणतात.

जात्यावर दळताना आपला हात आठवा. मनगट वळतं, कोपर कधी दुमडतं कधी लांबतं, पण जातं मात्र एकसारखं फिरत राहतं. एक्सलचं तसंच आहे. चाकाजवळचा सांधा म्हणजे मनगट, तो जास्तीत जास्त वळतो. त्यात एका वाटीत पोलादाच्या सहा गोळ्या आपापल्या खाचांत बसवलेल्या असतात. गिअरबॉक्सजवळचा सांधा म्हणजे कोपर. त्यात बहुतेक छोट्या गाड्यांत तीन छोटी चाकं असतात. ती खाचांत पुढेमागे सरकतात आणि एक्सलची लांबी कमी-जास्त करतात. चाक कितीही वळलेलं असो, ताकद न अडखळता जाते. गोळ्यांच्या सांध्याची ही युक्ती अमेरिकेत फोर्ड कंपनीतल्या एका अभियंत्याने शंभरेक वर्षांपूर्वी काढली. ब्रिटनमध्ये १९५९ साली मिनी नावाची छोटी गाडी आली, त्यानंतर ती छोट्या गाड्यांत सगळीकडे पसरली.

सगळा खेळ एका रबराचा

या सांध्यात खास काळं ग्रीस भरलेलं असतं. ते आत राहावं आणि बाहेरची धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून सांध्यावर घड्याघड्यांचं रबर चढवलेलं असतं. लोहाराच्या भात्यासारखं, किंवा पेटीच्या भात्यासारखं म्हणा. दोन्ही टोकांना पट्टी आवळलेली असते. या रबराला गॅरेजमध्ये 'बूट' म्हणतात. चाक वळलं की त्याच्या घड्या एका बाजूला दबतात, दुसऱ्या बाजूला ताणल्या जातात. गाडी चालू असताना हे सतत चाललेलं. म्हणून चाकाजवळचा बूट आधी जातो.

बूट फाटला की त्याच दिवशी काही होत नाही, आणि तिथेच आपण फसतो. चाक फिरतं तसं आतलं ग्रीस बाहेर फेकलं जातं. मग फटीतून धूळ, वाळू, पाणी आत शिरतं. उरलेलं ग्रीस आणि वाळू मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतात. गोळ्या आणि खाचा झिजतात, सांध्यात खेळ येतो. मग वळताना गोळ्या खाचेत आपटतात आणि कटकट असा आवाज येतो. तरीही तशीच चालवली, तर गोळ्या धरून ठेवणारी जाळी तडकते, गोळ्या जागा सोडतात आणि सांधा निखळतो. सावळघाटात झालं ते हेच.

आपल्या जिल्ह्यात बुटाला दोन्हीकडून मार आहे. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडे चार महिने धो धो पाऊस आणि आवणीच्या दिवसांत रस्त्यावर चिखल. येवला, नांदगाव, मालेगाव, सिन्नरकडे उन्हाळा कडक आणि धूळ. उन्हाने आणि वयाने रबर कडक होतं, घडीच्या खोलात बारीक चिरा पडतात. खडीच्या रस्त्यावरचा दगड, बांधावरचा बाभळीचा काटा, उभ्या गाडीत शिरलेला उंदीर, इंजिनमधून गळणारं ऑइल, यातलं काहीही त्याला पुरतं. आणि गाड्याही आता तरण्या नाहीत. शेवटची मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये तयार झाली. म्हणजे कुणाची ८०० बाहेरून कितीही चकचकीत असली, तरी ती दहा वर्षांच्या वरचीच. बूट कधीच बदलला नसेल, तर तोही तेवढाच म्हातारा.

बघायचं कसं? फक्त पाच मिनिटं

१. गाडी सपाट जागेवर लावा. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, किल्ली स्वतःजवळ ठेवा.

२. किल्ली लावून स्टेअरिंगचं लॉक काढा आणि स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा. मग किल्ली काढून घ्या. आता पुढच्या चाकाची मागची बाजू उघडी दिसेल.

३. बॅटरी किंवा मोबाईलचा उजेड पाडा. चाकाच्या आतल्या बाजूला काळा, घड्यांचा बूट दिसेल. घड्यांच्या मधली जागा नीट बघा. चिरा तिथे लपतात.

४. बुटाच्या आसपास, चाकाच्या रिंगच्या आतल्या बाजूला किंवा शॉकअपवर काळं चिकट ग्रीस उडालेलं दिसतंय का? दिसलं तर बूट फाटलाय किंवा पट्टी सुटली आहे.

५. दुसऱ्या चाकाचंही असंच बघा. आतले, गिअरबॉक्सजवळचे बूट वरून नीट दिसत नाहीत. ते सर्व्हिसिंगला गाडी वर उचलतील तेव्हा मिस्त्रीला दाखवायला सांगा.

एक मात्र कायम लक्षात ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं किंवा हात घालायचा नाही. जॅक निसटतो. हे काम उभ्या गाडीचं, वाकून बघण्याचं आहे.

ऐकायचं कसं?

शाळेचं मैदान, खळं किंवा मोकळी जागा बघा. लेकरं आणि जनावरं बाजूला करा. काचा खाली घ्या, गाणी बंद करा. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवून पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गोल फिरा आणि मधूनच थोडी रेस द्या. मग उजवीकडे तसंच. एकीने चालवायचं आणि एकीने बाहेर दूर उभं राहून ऐकायचं. आवाज आला तर कोणत्या बाजूने येतोय ते बाहेरचीला चांगलं कळतं. बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचं चाक आवाज करतं.

प्रत्येक आवाज एक्सलचा नसतो. म्हणून हा फरक ओळखा:

• वळताना रेस दिली की कट्-कट्-कट्, वेग वाढला की आवाजही भरभर: चाकाजवळचा सांधा झिजलाय.

• सरळ रस्त्यावर रेस दिली की गाडी थरथरते, पाय काढला की थरथर थांबते: गिअरबॉक्सजवळच्या सांध्यावर संशय घ्या.

• गाडी उचलताना किंवा रेस सोडताना एकदाच 'ठक्': आतला सांधा असेल किंवा इंजिनचं माउंटिंग बसलं असेल. दोन्ही बघायला सांगा.

• वेग वाढेल तसा वाढणारा 'घूंऽऽ' असा एकसारखा आवाज: हा बहुधा चाकाच्या बेअरिंगचा.

• ठराविक वेगाला स्टेअरिंग थरथरतं, रेस दिली काय, सोडली काय, फरक नाही: आधी चाकांचं बॅलन्सिंग बघा.

• खड्ड्यात आपटल्यावर खडखड: सस्पेन्शनचे बुश, लिंक किंवा बॉल जॉइंट.

• ब्रेक दाबल्यावरच घासल्यासारखा आवाज: ब्रेक पॅड.

गॅरेजमध्ये जाऊन 'गाडी आवाज करते' एवढंच सांगितलं तर मिस्त्री अंदाजाने कामाला लागतो आणि पैसे आपले जातात. 'उजवीकडे वळताना, रेस दिल्यावर, डाव्या चाकाकडून कटकट येते' असं सांगा. अर्धं निदान तुम्हीच केलेलं असेल.

काय बदलायचं आणि किती खर्च?

दर गावागणिक आणि गाडीगणिक वेगळे असतात. पण हिशोबाची रीत सगळीकडे सारखी आहे.

बूट फाटलाय, पण आवाज अजून नाही: मग सांधा खोलून धुऊन, तपासून, नवं ग्रीस भरून नवा बूट बसवायचा. हा खर्च शेकड्यांतला.

आवाज सुरू झालाय: आता नुसता बूट घालून उपयोग नाही. झिजलेल्या खाचा ग्रीसने भरून येत नाहीत. तो सांधा बदलायचा.

दोन्ही सांधे ढिले झालेत किंवा दांडाच खराब झालाय: अख्खा एक्सल बदलायचा. हा खर्च हजारांतला, आणि वाटेत तुटला असेल तर टोचनचे पैसे, बुडालेली फेरी आणि भिजलेला माल वेगळा.

बूट बदलायलाही एक्सल बाहेर काढावा लागतो. म्हणजे मजुरीचा मोठा भाग तिन्ही कामांत सारखाच. म्हणून एका बाजूचं काम निघालं की त्याच बाजूचा आतला बूटही तपासून घ्या. तो चिरलेला असेल तर त्याच मजुरीत उरकेल.

काम करून घेताना या गोष्टी विचारा. विचारायला लाजू नका, पैसे गटाचे आहेत.

• ग्रीस सांध्यासाठीचंच काळं वापरा, डब्यातलं साधं पिवळं नको. नव्या बुटाबरोबर बऱ्याचदा ग्रीसची पुडी येते, ती पूर्ण वापरली का बघा.

• एक्सल काढताना गिअरबॉक्सचं ऑइल सांडतं. ते परत योग्य पातळीपर्यंत भरलं का? हे विसरलं तर एक्सल नवा आणि गिअरबॉक्स जळालेला, अशी गत होते.

• गिअरबॉक्सचं ऑइल सील गळत असेल तर याच वेळी बदला.

• चाकाच्या मधला मोठा नट नवा घ्या, पुरेसा आवळून त्याचं लॉक बसवून घ्या.

• जुना पार्ट परत मागा. काय झिजलं होतं ते डोळ्यांनी बघा आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांना दाखवा.

• बिल घ्या. पार्टवर हमी असेल तर बिलावर लिहून घ्या.

भंगारातला जुना एक्सल स्वस्त मिळतो. पण तो कुठल्या गाडीतून, किती फिरून आलाय हे कुणालाच माहीत नसतं. काही जण आवाज थांबवायला डावा-उजवा सांधा अदलाबदल करून देतात. आवाज काही दिवस थांबतो, झीज मात्र तिथेच राहते. घाटातून माल आणि माणसं नेणाऱ्या गाडीला हा जुगाड नको.

ओम्नी किंवा ईको असेल तर?

बऱ्याच गटांकडे ओम्नी किंवा ईको आहे. या दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालतात. पुढच्या चाकाला बूट शोधत बसू नका, तिथे तो नसतो. यांच्यात इंजिनकडून मागे जाणारा लांब शाफ्ट असतो आणि त्याला 'क्रॉस' असतात. गाडी उचलताना पोटाखालून 'टक्' असा आवाज येत असेल तर क्रॉस तपासा. मागच्या हाउसिंगमधलं ऑइल वेळेवर बदला. मागच्या चाकाच्या आतून ऑइल गळताना दिसलं तर लगेच गॅरेज गाठा, कारण ते ऑइल ब्रेकवर उतरलं तर ब्रेक लागत नाही.

घाटात एक्सल तुटलाच तर

हा भाग गाडी चालवणाऱ्या ताईला आणि घरातल्या पोरांना वाचून दाखवा.

इंजिन चालू आहे, गिअर पडतोय, पण गाडी जात नाही, असं झालं तर पहिल्यांदा ब्रेक दाबून धरा. एरवी चढावर गाडी उभी करताना आपण ती गिअरमध्ये ठेवतो. एक्सल तुटल्यावर तेवढ्याने भागत नाही. चाकाचा आणि गिअरबॉक्सचा संबंधच तुटलेला असतो, आणि दुसरं चाक एकट्याने गाडी धरू शकत नाही. ब्रेक मात्र चाकावर असतात, त्यामुळे ते सहसा काम करतात. बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, तोही पूर्ण ओढा. मग चाकांच्या उताराच्या बाजूला मोठे दगड लावा.

पुन्हा पुन्हा रेस देऊन बघू नका. तुटलेला दांडा फिरून आजूबाजूला आपटतो. ब्रेकचा पाइप फुटू शकतो. चारही दिवे लुकलुकते ठेवा. सगळ्यांना दरीकडे नाही, डोंगराच्या बाजूला उतरवा. रस्त्यावर मागे लांब अंतरावर झाडाची फांदी किंवा त्रिकोण ठेवा, विशेषतः धुक्यात. गाडीत आजारी माणूस किंवा अडलेली बाई असेल तर गाडीची वाट बघत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. पोलिसांची मदत हवी असेल तर ११२.

एक्सल जास्त टिकावा म्हणून

ओझं मोजून भरा. टोमॅटोचं एक क्रेट साधारण २० किलोचं. दहा क्रेट म्हणजे २०० किलो, आणि त्यावर चार माणसं! ही गाडी पाच माणसांसाठी बनवलेली आहे, टेम्पोचं काम तिच्याकडून रोज घेऊ नका. जास्तीचा माल असेल तर दोन फेऱ्या करा किंवा भाड्याची पिकअप घ्या.

स्टेअरिंग पूर्ण वळलेलं असताना जोरात रेस देऊ नका. सांध्यावर सगळ्यात जास्त ताण तेव्हाच येतो.

चिखलात रुतलं की आपण काय करतो? स्टेअरिंग इकडेतिकडे फिरवत जोरजोरात रेस देतो. झिजलेला सांधा तेव्हाच जातो. त्याऐवजी चाकं सरळ करा, माल आणि माणसं उतरवा, चाकाखाली गोणपाट किंवा खडी टाका आणि हळू रेस देत गाडी काढा.

जुनी गाडी घेताय?

गटातून अंतर्गत कर्ज काढून जुनी गाडी घ्यायचा विचार असेल, तर वर सांगितलेलं बघणं आणि ऐकणं व्यवहाराच्या आधी करा. बूट फाटलेला दिसला तर गाडी नाकारलीच पाहिजे असं नाही, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. सीट कव्हर नवं आणि बूट फाटका, तर मालकाने गाडी कशी वापरली ते समजून घ्या.

आरसी बुक बघा. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते. पुढे गाडी तपासून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण कर भरावा लागतो. गाडी एमएच-१५ ची असो वा एमएच-४१ ची, हा खर्च कर्ज काढतानाच हिशोबात धरा. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाड्याने माणसं नेता येत नाहीत, त्याला वेगळा परवाना लागतो. आणि विम्यावर विसंबू नका. झिजून तुटलेल्या पार्टचे पैसे नेहमीच्या वाहन विम्यात मिळत नाहीत.

गाडीचीही वही ठेवा

कर्जाची, बचतीची, बैठकीची वही आपण ठेवतो. तशी गाडीचीही एक ठेवा. तारीख, किलोमीटर, कुठे गेली, काय माल, कोणी चालवली, काय दुरुस्ती झाली, किती बिल झालं. शेवटी एक रकाना ठेवा: 'आवाज किंवा तक्रार'. चालवणाऱ्या ताईने त्यात लिहिलं की ते प्रत्येक मासिक बैठकीत वाचलंच पाहिजे, असा ठराव करा. सावळघाटातल्या त्या गटाने आता तो केलाय.

दुसरं, देखभालीचे पैसे आधीच बाजूला काढा. समजा, प्रत्येक फेरीमागे ३० रुपये बाजूला टाकले आणि महिन्याला २० फेऱ्या झाल्या, तर महिन्याचे ६०० आणि वर्षाचे ७,२०० रुपये जमतात. फेऱ्या कमी असतील तर रक्कम तुमच्या सोयीने ठरवा. मुद्दा एवढाच की दुरुस्तीचा विषय निघाल्यावर वर्गणी काढायची वेळ येऊ नये. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हे आपण बचत गटातूनच शिकलो ना?

आणि शेवटचं. गाडी चालवणारी ताई 'आवाज येतोय' म्हणाली, तर तिला 'तुला काय कळतं' असं कुणी म्हणायचं नाही. घरच्यांनी नाही, गॅरेजवाल्याने नाही आणि आपण तर नाहीच. ती रोज त्या गाडीत बसते. तिच्याइतकी ती गाडी दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. गटातल्या किंवा सदस्यांच्या घरच्या प्रत्येक गाडीचे बूट सगळ्यांनी मिळून बघायचे.

२. मैदानात गोल फिरवून आवाज ऐकायचा.

३. गाडीची वही सुरू करायची आणि प्रत्येक फेरीमागची रक्कम ठरवून ठरावात लिहायची.

४. बूट फाटलेला दिसला तर 'पुढच्या महिन्यात' नाही, याच आठवड्यात गाडी गॅरेजला न्यायची.